शंभूमहादेवाचे शिखर

मिरजेहून पंढरपूरच्या रस्त्याला लागले म्हणजे कृष्णाकाठची काळी, सखल जमीन हळूहळू मागे पडते. वीस-पंचवीस किलोमीटरांच्या आतच सपाट रानातून डोंगराची एक ओळ वर आलेली दिसते. हा दंडोबाचा डोंगर होय. मिरज आणि कवठे महांकाळ या दोन तालुक्यांच्या शिवेवर असलेल्या या डोंगराच्या पोटात खडक खोदून महादेवाचे देऊळ केलेले आहे. श्रावणात मिरज-सांगलीकडील भाविक तेथे दर्शनास जातात. शाळेतील मुलांना हे ठिकाण सहलीमुळे ठाऊक असते. या लेण्याचा संबंध शिंघण नावाच्या राजाशी जोडणारी एक परंपरा आहे. राजा कोणता, कधीचा, याविषयी परंपरेस चिंता नसते. तिला नाव पुरते.

परंतु दंडोबा हा एकटा उभा असलेला डोंगर नव्हे. एका लांबलचक रांगेचे हे आग्नेयेकडील शेवटचे टोक आहे. सह्याद्रीच्या मुख्य कण्यापासून महाबळेश्वराच्या उत्तरेस ही रांग फुटते, सातारा जिल्हा ओलांडीत पूर्वेकडे जाते आणि तिचे फाटे दक्षिणेस व आग्नेयेस पसरत सांगली जिल्ह्यात उतरतात. भीमा आणि कृष्णा या दोन नद्यांच्या खोऱ्यांची वाटणी हीच रांग करते. महाराष्ट्रात सह्याद्रीपासून पूर्वेस निघालेल्या तीन प्रमुख रांगा सांगितल्या जातात: सातमाळा-अजिंठा, हरिश्चंद्र-बालाघाट आणि शंभूमहादेव. यांपैकी प्रत्यक्ष देवाचेच नाव धारण करणारी रांग ही एकच. हे नाव तिला ज्या देवस्थानामुळे मिळाले ते सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात, सुमारे एक हजार मीटर उंचीच्या माथ्यावर आहे. तेच शिखर शिंगणापूर.

या देवस्थानाचे माहात्म्य समजून घ्यावयाचे तर प्रथम त्या भूमीची कोरड ध्यानात घेतली पाहिजे. महाबळेश्वरास वर्षाकाठी सहा हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तीच रांग पूर्वेस माण तालुक्यात पोहोचते तेव्हा पावसाचे मान पाचशे मिलिमीटरांच्या आसपास येऊन ठेपते आणि तेही दरवर्षी हाती लागेलच असे नाही. सह्याद्रीने ढग अडविले म्हणजे त्याच्या पाठीशी असलेल्या मुलखाच्या वाट्याला उरलेले शिंतोडे येतात. माणगंगा या नदीचा उगम याच तालुक्यात कुळकजाईजवळच्या डोंगरात होतो. पण वर्षातील बराच काळ तिचे पात्र वाळूचेच असते. ज्वारी-बाजरीची शेती, मेंढरांचे कळप आणि पाण्यासाठी आकाशाकडे लागलेले डोळे, हेच या प्रांताचे शतकानुशतकांचे चित्र आहे. अशा मुलखातील सर्वांत उंच जागी लोकांनी आपला देव बसविला, किंवा लोकांच्या भाषेत बोलावयाचे तर देवानेच ती जागा पसंत केली.

शिंगणापूर या नावाची उपपत्ती परंपरा अशी देते की, देवगिरीच्या यादव घराण्यातील शिंघण राजाने हे गाव वसविले. शिंघणापूरचे पुढे शिंगणापूर झाले. यादव वंशातील दुसरा शिंघण १२१० च्या सुमारास गादीवर आला आणि १२४६-४७ पर्यंत त्याने राज्य केले. यादव सत्तेचा सर्वाधिक विस्तार त्याच्याच काळी झाला. पन्हाळ्याचा शिलाहार राजा दुसरा भोज याचा पराभव करून त्याने कोल्हापूर-मिरजेचा प्रदेश आपल्या राज्यास जोडला. तेव्हा डोंगररांगेच्या एका टोकास दंडोबावर आणि मध्यभागी शिंगणापुरास, अशा दोन्ही ठिकाणी शिंघणाचे नाव ऐकू यावे यात नवल नाही. मात्र नावाचे साम्य म्हणजे पुरावा नव्हे. मोठ्या राजाच्या मागे त्याचे नाव वाऱ्यावरच्या बीजाप्रमाणे पसरते आणि जेथे जुने देऊळ सापडेल तेथे रुजते. एवढे मात्र म्हणता येईल की, या भागातील लोकांच्या स्मृतीत यादवकाळ हा देवळांचा काळ म्हणून राहिला आहे.

शिलाहारांचा उल्लेख आला म्हणून मिरजेच्याच इतिहासातील एका गोष्टीचे स्मरण येथे करणे उचित होईल. शिलाहारांच्या लेखांत या प्रांतास मिरिंज देश म्हटलेले आहे. शिलाहार राजा गंडरादित्य याच्या शके १०३२, म्हणजे इसवी सन १११० च्या ताम्रपटात असे नमूद आहे की, त्याने मिरिंज देशातील इरुकुडी येथे गंडसमुद्र नावाचा तलाव खोदविला आणि त्याच्या काठी ईश्वर, बुद्ध व अर्हत यांची स्थापना केली. एका तलावाच्या काठी तीन धर्मांची दैवते! या उदारतेचा गौरव इतिहासकारांनी योग्य तोच केला आहे. परंतु त्यातील क्रमही पाहण्याजोगा आहे: आधी पाणी, मग देव. ज्या देशात पाऊस बेभरवशाचा, तेथे राजाने करावयाचे पहिले धर्मकृत्य तलाव हेच असते, ही समजूत गंडरादित्याच्या आधीपासून चालत आली आणि त्याच्या नंतरही राहिली. शिंगणापुरास तिची पुन्हा भेट होईल.

आता खुद्द देवळाकडे वळू. शंभूमहादेवाचे मंदिर माथ्यावर आहे आणि पायऱ्यांची वाट चढून तेथे जावे लागते. गाभाऱ्यात एक नव्हे, दोन लिंगे आहेत. भाविक त्यांना शिव आणि शक्ती मानतात. महादेवाच्या देवळात पार्वतीची मूर्ती निराळी असणे हा सामान्य प्रघात. येथे मात्र दोघे एकाच रूपात शेजारी शेजारी आहेत. जवळच, थोड्या खालच्या अंगास, अमृतेश्वराचे जुने देऊळ आहे. लोक त्यास बळीचे देऊळ म्हणतात. ही दोन देवळे आणि त्या दोन लिंगांचे जोडपण यांभोवतीच शिंगणापूरच्या आख्यायिका गुंफलेल्या आहेत.

मुख्य आख्यायिका अशी. कैलासावर शंकर-पार्वती सारीपाट खेळत बसले होते. डाव पार्वतीने जिंकला. हरलेल्या शंकरास ते सोसले नाही. तो रुसला आणि कैलास सोडून या निर्जन डोंगरात येऊन तप करू लागला. पार्वती त्याच्या शोधार्थ निघाली. तिने भिल्लिणीचा वेश घेतला, रानात येऊन नृत्य केले आणि तपस्व्याचे चित्त मोहविले. ओळख पटली, रुसवा गेला आणि दोघांचा विवाह याच डोंगरावर पुन्हा एकदा लागला. शिंगणापूरच्या जवळ एका दरीत गुप्तलिंग नावाचे स्थान आहे. रुसलेला शंकर तेथे गुप्त होऊन बसला होता, असे सांगतात. त्या दरीत झऱ्याचे पाणी आहे. या कोरड्या डोंगरात देव लपला तोही पाण्याच्या जागी लपला, ही गोष्ट कथा सांगणाऱ्यांच्या नजरेतून सुटलेली दिसत नाही.

ही कथा केवळ शिंगणापूरची नाही. शिव-पार्वतीच्या सारीपाटाचे शिल्प वेरूळच्या रामेश्वर लेण्यात आहे. अर्थात् या भांडणाची गोष्ट महाराष्ट्रात निदान तेरा-चौदाशे वर्षे माहीत आहे. भिल्लिणीचा भाग दक्षिणेकडे बोट दाखवितो. आंध्र प्रदेशातील श्रीशैल येथे मल्लिकार्जुनाविषयी अशीच लोककथा आहे. तेथील जंगलात राहणारे चेंचू लोक देवास आपला जावई मानतात, कारण त्याने त्यांच्या मुलीशी लग्न केले. श्रीशैलास चैत्री पाडव्याच्या सुमारास मोठी यात्रा भरते आणि कर्नाटकातून असंख्य भाविक पायी तेथे जातात. शिंगणापूरची यात्राही चैत्री पाडव्यापासूनच सुरू होते. डोंगरावरचा शिव, रानातील वधू आणि चैत्राचा महिना, या तीन गोष्टी दोन्हीकडे सारख्याच आढळाव्यात हे निव्वळ योगायोगाने घडले असे म्हणणे कठीण आहे.

याच धाग्याचा मागोवा डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांनी घेतला. लोकदैवतांच्या अभ्यासास आयुष्य वाहिलेल्या या संशोधकाचा ‘शिखर शिंगणापूरचा श्रीशंभुमहादेव’ हा ग्रंथ २००१ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा सिद्धांत थोडक्यात असा: कर्नाटकातील गदग प्रांतातील सोरटूर येथून बळिप नावाचा एक यादव-होयसळ कुळातील पुरुष आपले लोक व गुरेढोरे घेऊन उत्तरेकडे आला, शिंगणापूरच्या डोंगराळ भागात स्थिरावला आणि आपल्या कुळाचा देव श्रीशैलमल्लिकार्जुन त्याने येथे शंभूमहादेव या नावाने स्थापिला. बळीचे देऊळ या नावात त्याचीच आठवण उरली आहे. आणि हा बळिप भोसले घराण्याचा मूळपुरुष होय. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या वेळी भोसल्यांचा वंश उदेपूरच्या सिसोदियांशी जोडला गेला हे सर्वश्रुत आहे. ढेरे यांनी त्या वंशाची वाट राजपुतान्याकडून वळवून कर्नाटकाकडे नेली. त्यांचे मत सर्वांनी स्वीकारले असे नाही, आणि वंशावळीचा प्रश्न महाराष्ट्रात अजूनही शांतपणे चर्चिला जातो असेही नाही. परंतु त्यांनी एक गोष्ट निर्विवादपणे दाखवून दिली. शिंगणापूरच्या देवाचे चरित्र समजण्यास केवळ मराठी कागद पुरे पडत नाहीत; कानडी मुलूख आणि तेथील लोकधर्म यांकडेही पाहावे लागते. मिरजेच्या रहिवाशांस यात विचित्र वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या बाजारात मराठी आणि कानडी या दोन्ही भाषा पिढ्यान्पिढ्या शेजारी शेजारी बोलल्या जात आहेत.

वंशाविषयी मतभेद असोत. भोसल्यांची शंभूमहादेवावरील निष्ठा मात्र पक्क्या आधारांवर उभी आहे. तो त्यांचा कुलदेव. शिवाजी महाराजांच्याच आश्रयास असलेल्या कवींद्र परमानंदाने ‘शिवभारत’ नावाचे संस्कृत काव्य रचले. त्याच्या आरंभीच महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांचा वृत्तांत येतो. मालोजी शंभूमहादेवाच्या यात्रेस जात असत. चैत्रात तेथे लोटणाऱ्या जनसमुदायाचे पाण्यावाचून होणारे हाल त्यांनी पाहिले आणि त्या डोंगरावर मोठा तलाव बांधविला. सोळाव्या आणि सतराव्या शतकांच्या सांध्यावरील हे काम होय. तो तलाव आजही तेथे आहे. पाचशे वर्षांपूर्वी गंडरादित्याने मिरिंज देशात जे केले तेच मालोजींनी माणदेशात केले; भेद एवढाच की, गंडरादित्य हा राजा होता आणि मालोजी हे निजामशाहीतील एक सरदार. ज्या घराण्यातून पुढे स्वराज्य निर्माण व्हावयाचे होते, त्याची लोकांशी झालेली एक जुनी गाठ अशी एका तलावाच्या काठी पडलेली आहे. तलवारीच्या पराक्रमाच्या कथा पुष्कळ लिहिल्या गेल्या. तहानलेल्या यात्रेकरूंसाठी डोंगर खोदणाऱ्या या कृत्यास त्यांच्या बरोबरीने मान मिळावयास हवा.

येथवर राजांची गोष्ट झाली. परंतु शिंगणापूर राजांचे कधीच नव्हते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने चैत्राची यात्रा पाहावी. चैत्र शुद्ध पंचमीस देवास हळद लागते आणि अष्टमीस रात्री शिव-पार्वतीचा विवाह होतो. त्या दिवशी शंभूमहादेवाच्या शिखरापासून बळीच्या देवळाच्या शिखरापर्यंत एक लांबच लांब पागोटे बांधले जाते. त्यासच ध्वज म्हणतात. ते मराठवाड्याकडील भाविक नवसाने विणून आणतात. दोन शिखरांच्या मधल्या मोकळ्या आकाशात ते वस्त्र ताणले गेले की हजारो कंठांतून हरहर महादेवाचा घोष उठतो. लग्नाला आलेल्यांत धनगर असतात, लिंगायत असतात, मराठे, तेली, कोष्टी, सारेच असतात. आणि या घरच्या कार्यात प्रत्येकाचे काही ना काही मानाचे काम ठरलेले असते.

सर्वांत अवघड काम कावडीचे. चैत्र शुद्ध द्वादशीस गावोगावच्या कावडी शिंगणापुरास पोहोचतात. त्यांत अग्रमान सासवडच्या कावडीचा. ती तेल्या भुत्याची कावड म्हणून प्रसिद्ध आहे. भुतोजी नावाचा तेली समाजातील एक शिवभक्त सासवडास होऊन गेला. कऱ्हेचे पाणी खांद्यावर वाहून त्याने शंभूमहादेवास स्नान घातले आणि त्याच्या मागे ती सेवा पिढ्यान्पिढ्या चालू राहिली. तांब्याचे दोन भले मोठे रांजण, त्यांना पेलणारे लाकूड, वर फडकणारी निशाणे असा या कावडीचा थाट असतो. अनेक मुक्काम करीत ती डोंगराच्या पायथ्यास येते आणि मग मुंगी घाट चढते. या घाटास वाट म्हणणेही धाडसाचे आहे. उभा कडा, निसटते दगड. त्यावरून माणसे एकमेकांचे हात धरून साखळी करतात, कोणी कोणाच्या खांद्यास आधार देतो, आणि ती अवजड कावड इंचाइंचाने वर सरकते. दोराचा आधार नसतो. असतो तो माणसांचा. सायंकाळी कावड माथ्यावर येते आणि कऱ्हेच्या पाण्याने देवास अभिषेक होतो.

येथे एका विचारी मनुष्यास प्रश्न पडेल. जेथे माणसांस पाणी नाही तेथे देवाच्या मस्तकावर ओतण्यासाठी दुरून पाणी वाहून न्यावे, यात शहाणपण ते कोणते? प्रश्न रास्त आहे आणि केवळ श्रद्धेचे नाव घेऊन त्याची वासलात लावणे बरे नव्हे. पण कावडीची चाल नीट पाहिली तर उत्तराची दिशा दिसते. चैत्र हा पाण्याच्या टंचाईचा ऐन महिना. अशा वेळी शेकडो माणसे पाण्याचे ओझे खांद्यावर घेतात, ते सांडू न देता कित्येक कोस नेतात आणि ज्या कड्यावर एकट्याने चढणे अशक्य त्यावर दहा हातांनी ते चढवितात. पाण्याचे मोल आणि परस्परांच्या आधाराची गरज या दोन गोष्टी या विधीने जितक्या स्पष्टपणे शिकविल्या तितक्या पुस्तकाने शिकविल्या नसत्या. मालोजींनी तलाव बांधला तो सत्ता व द्रव्य असल्यामुळे. भुतोजीजवळ यांपैकी काहीच नव्हते; त्याच्याजवळ दोन खांदे होते. शिंगणापूरने दोघांचीही नावे जतन केली, आणि यात्रेत आजही गजर होतो तो भुतोजीच्या कावडीचा.

तेव्हा आख्यायिका आणि इतिहास यांचे नाते येथे शत्रुत्वाचे नाही. शिंघणाचे नाव यादवकाळाची खूण सांगते. भिल्लिणीची कथा दक्षिणेकडील वाट दाखविते. बळीचे देऊळ एखाद्या स्थलांतराची आठवण सांभाळीत असावे. यांपैकी प्रत्येक गोष्ट शब्दशः खरी मानणे ही भोळी समजूत होईल आणि सगळ्यांनाच खोटे म्हणून टाकून देणे ही तितकीच भोळी समजूत होईल. आख्यायिकेला तारीख विचारू नये. तिला लोकांची गरज काय होती हे विचारावे. शिंगणापूरच्या आख्यायिकांना ते विचारले तर उत्तर येते, पाणी आणि माणसांचा मेळ.

हे उत्तर जुने झालेले नाही. एप्रिल २०१६ मध्ये मराठवाड्यात इतका कडक दुष्काळ पडला की लातूर शहरास प्यावयाचे पाणी मिळेना. तेव्हा मिरजेच्या स्थानकावर रेल्वेच्या टाक्यांत कृष्णेचे पाणी भरण्यात आले. ११ एप्रिल रोजी दहा वाघिणींची पहिली गाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन निघाली आणि सुमारे ३४० किलोमीटरांचा प्रवास करून दुसऱ्या दिवशी लातुरास पोहोचली. त्यानंतरही गाड्या जात राहिल्या. त्या वर्षी चैत्री पाडवा ८ एप्रिलला होता. म्हणजे इकडे शिंगणापुरास देवाच्या लग्नाची घाई चालू होती आणि मराठवाड्याचे भाविक पागोटे घेऊन डोंगर चढत होते, त्याच दिवसांत मिरजेचे पाणी त्यांच्या मुलखाकडे चालले होते. या गाड्यांस कोणी कावड म्हटले नाही; परंतु काम तेच होते.

म्हैसाळच्या योजनेने कृष्णेचे पाणी पंपांच्या बळावर टप्प्याटप्प्याने उचलून मिरजेच्या पूर्वेकडील कवठे महांकाळ, जत या कोरड्या तालुक्यांकडे नेले आहे. यंत्रांनी मुंगी घाटाचे काम हलके केले, हे चांगलेच झाले. मात्र उचललेले पाणी कोणाच्या शेतात आधी जावे, उसाला किती आणि ज्वारीला किती, शेवटच्या गावापर्यंत ते पोहोचावे कसे, हे प्रश्न यंत्राने सुटत नाहीत. कावडीत पुढच्याने पाऊल टाकण्यापूर्वी मागच्याचा पाय टेकला की नाही हे पाहावे लागते; नाहीतर कावडच दरीत जाते. शंभूमहादेवाच्या डोंगराखाली राहणाऱ्यांस ही गोष्ट नव्याने सांगावी लागू नये. दर चैत्रात, द्वादशीच्या सायंकाळी, ती त्यांच्या डोळ्यांसमोर घडत असते.